ओढ्यापलीकडचा देश

८ जानेवारी १९६१, रविवार

काल भैरवनाथाच्या देवळात मी बेलभंडार उचलला. माझा देवावर विश्वास नाही. हे आधीच लिहून ठेवतो.

हकिगत अशी. पुढच्या रविवारी गावात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. ज्या बाजूचे पंच जास्त, तिचा सरपंच. एका बाजूला माझे थोरले बंधू हैबतराव. दुसऱ्या बाजूला कुशाबा, ज्याला आपल्या बैलांखेरीज कोणावर हुकूम चालवल्याचा अनुभव नाही. मी कुशाबाच्या बाजूने आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाटीलकी होती. आता सरपंचकीही त्याच घरात यावी, हे लोकशाहीला धरून नाही. दादांना मी हे जेवताना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "बराबर हाय तुजं. पावटा वाढून घे."

काल आमच्या बाजूची बैठक होती. मतं फुटू नयेत म्हणून प्रत्येकाने बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन देवासमोर शब्द द्यायचा, अशी इथली रीत. लोक येत होते, "मत कुशाबाला" म्हणत होते, बाजूला होत होते. माझी पाळी आली. पुण्यात दोन वर्षं साहित्य शिकलेल्या माणसाला दोन शब्द फार थोडे वाटले. मी म्हणालो, हैबतराव सरपंच झाले तर मी या गावात राहणार नाही, या गावचं पाणी पिणार नाही.

देऊळ गप्प झालं. मला ते आवडलं. मग कुशाबा हळूच म्हणाला, "येवडं कशाला, भिवा?"

माझी बायको गोजरा बायकांत दीपमाळेपाशी उभी होती. घरी येताना तिने विचारलं, "खरंच जायाचं?"

मी समजावलं की ती बोलण्याची एक पद्धत असते.

"भंडार हातात आसताना नुसतं बोलायची पद्धत नसती," ती म्हणाली आणि माझ्या पुढे चालू लागली. एरवी ती मागे चालते.

११ जानेवारी

गोजरा रोज विचारते, आपण हरणार का. मी सांगतो, नाही, सगळ्यांनी भंडार उचलला आहे. तिचा चेहरा उतरतो. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसत नसावा.

घरात शांतता. रंभावहिनी, म्हणजे दादांची बायको, दोन्ही बाजूंच्या माणसांना सारखाच चहा देतात. चूल त्यांची. गोजरा भाकऱ्या थापते, पाणी भरते, वाटण वाटते. मीठ वहिनी टाकतात. तिखटाचा डबा त्यांच्या उशाशी असतो. लग्नाला तीन वर्षं झाली, गोजराने कालवणात आपल्या मनाने मीठ टाकलेलं मी पाहिलेलं नाही. तिला त्याचं काही वाटत नसावं. पहिल्या वर्षी एकदा म्हणाली होती की तिला एक कालवण फार चांगलं जमतं. कोणतं ते मी विचारलं नाही.

१५ जानेवारी, रविवार

हरलो. नुसते हरलो नाही, आडवे झालो.

आमच्या बैठकीत ज्यांनी भंडार उचलला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो आधी दादांच्या बैठकीत उचललेला होता. मी एकाला जाब विचारला. तो म्हणाला, पहिला भंडार खरा, दुसरा मान राखायला. हा नियम मला कोणी सांगितला नव्हता.

शपथेचा विषय निघाला नाही तर आपणही काढायचा नाही, असं ठरवून मी परसदाराने घरात शिरलो. गोजरा गाठोड्यावर बसली होती. दुसरं गाठोडं बांधून शेजारी ठेवलेलं. निकाल तिला कोणी सांगितला म्हणून विचारलं. ती म्हणाली, हलगी आपल्या दारात वाजायला लागली तेव्हाच कळलं, आणि तेव्हापासून तिने घोटभर पाणी प्यालेलं नाही. तिचे डोळे चमकत होते. माझ्या पराभवाने ती इतकी हललेली पाहून मला गहिवरून आलं.

दादा आले. केसांत गुलाल. गाठोडी पाहून त्यांच्या लक्षात आलं. "आरं, जेवून तरी जा," ते म्हणाले.

दाराआडून, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, गोजरा म्हणाली, "जेवनात पानी आसतंय."

वहिनी हसल्या. दोन दिवसांत येतील परत, म्हणाल्या. गोजराने तोवर भुरीला सोडलं होतं. म्हैस तिच्या माहेरची, आंदणातली. तिला अडवायचा कोणाला हक्क नव्हता.

वेशीपाशी मी थांबलो. कुठे जायचं ते ठरलेलंच नव्हतं. गोजरा म्हणाली, "वढ्यापल्याडचं आपलं वावर वाडीच्या शिवंत हाय." खरं होतं. ओढा ही दोन गावांची हद्द. पलीकडचं शेत आमचं, पण माती शेजारच्या वाडीची, आणि पाणी प्यायला वाडीचा झरा. मला हे सुचलं नव्हतं. तिला इतक्या चटकन कसं सुचलं याचं कौतुक वाटलं.

अशा रीतीने आम्ही देशांतर केलं. ओढ्यात घोट्याइतकं पाणी होतं. मधोमध गोजरा एकदम हसायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, म्हशीचं शेपूट लागलं. म्हैस बरीच पुढे होती.

१८ जानेवारी

शेतातली राखणीची खोप एका माणसापुरती होती. खोपी बांधणारा देवू डोंगरातल्या वस्तीवरून कारवीच्या काठ्या घेऊन आला आणि दोन माणसांपुरती करून देतो म्हणाला. काम करता करता त्याने कारण विचारलं. मी सांगितलं.

त्याचं जुनं गाव मुळशीच्या धरणात गेलं. त्याचा आजा चुलीचे दगड डोक्यावर घेऊन डोंगर चढला होता. "आमच्या मागं पानी लागलं व्हतं," देवू म्हणाला. "तुमच्या मागं कोन लागलं?"

मी म्हणालो, तसं कोणी नाही.

त्याने विचार केला. "मंग सावकाश बांदू," म्हणाला.

चूल मात्र गोजराने त्याला घालू दिली नाही. माती तिने मळली, थापली, पुसली, मोडली, पुन्हा थापली. तोंड कोणीकडे ठेवायचं यावर सकाळ गेली. मी म्हणालो, आपण इथे थोडेच दिवस आहोत; गाव सोडलंच आहे तर सरळ परदेशी जावं असं माझ्या मनात आहे, त्याचं ठरेपर्यंत. ती "व्हय, व्हय" म्हणाली आणि चुलीचा ओटा चार बोटं वाढवला.

संध्याकाळी पहिली भाकरी करपली. कालवण इतकं खारट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "लई झालं ना मीठ?" आणि हसत हसत जमिनीवर बसली. तिचं हसू थांबेना. मलाही आवरेना. भुरी मान वळवून बघत राहिली.

माझ्या तत्त्वासाठी ही बाई किती सोसते आहे.

२१ जानेवारी

ओढ्याच्या अलीकडच्या काठावर (गावाच्या बाजूला, मला अजून "अलीकडे" कोणतं ते नीट जमत नाही) सकाळ-संध्याकाळ माणसं जमतात. गाव आमच्या खोपीला आफ्रिका म्हणायला लागलं आहे. आज नथू न्हावी हात तोंडाशी धरून ओरडला, "भिवाजीराव, तिकडं दाढीचा काय भाव हाय?" मी उत्तर दिलं नाही. दाढी मात्र वाढली आहे.

दुपारी काठावर वाद पेटला. ओढ्याचं पाणी कोणत्या गावचं? ते आमच्या गावाच्या डोंगरातून येतं, मग भुरी ते पिते आणि आम्ही तिचं दूध पितो, म्हणजे शपथ मोडली की नाही? एकाचं म्हणणं, निम्मा ओढा वाडीचा, म्हशीने त्या निम्म्यातच तोंड घालावं. दुसरा म्हणाला, म्हशीने भंडार उचललेला नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने वाहत्या पाण्याला गाव नसतं असं सांगितलं, ते सगळ्यांना पटलं, आणि सगळे ओढा ओलांडून आमच्याकडे चहा प्यायला आले. गोजराने सगळ्यांना चहा दिला. कपबशा नव्हत्या. पळसाच्या पानांचे द्रोण केले. लोक म्हणाले, परदेशात चाल निराळी.

इतके पाहुणे तिच्याकडे पहिल्यांदाच आले. म्हणजे आमच्याकडे.

२५ जानेवारी

वाडीच्या शाळेतून नकाशांचं पुस्तक मागून आणलं. चुलीसमोर उघडून बसलो. जायचं तर कुठे, याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

गोवा सर्वांत जवळ. तिथे पोर्तुगीज आहेत, म्हणजे परदेशच. शिवाय त्यांच्याकडे निवडणुकीचा त्रास नाही. निवडणूक नाही म्हणजे निकाल नाही. हा मुद्दा मला क्षणभर फार बळकट वाटला. मग लक्षात आलं की मी लोकशाहीसाठी गाव सोडलं आहे.

पूर्व आफ्रिका. तिथे माणसं जातात हे ऐकून आहे. गोजराने विचारलं, तिथे भात होतो का. पुस्तकात तांबड्या ठिपक्यांनी कापूस दाखवला आहे, भाताबद्दल काही नाही. ब्राझीलमध्ये कॉफी. इंग्लंडमध्ये थंडी. प्रत्येक देशाला ती एकच प्रश्न विचारते: म्हैस नेता येईल का. मी म्हणालो, बोटीतून अवघड. ती म्हणाली, मग तो देश राहू द्या. असे आम्ही आज बरेच देश राहू दिले.

मग तिने हरभऱ्याचे डहाळे उपटून आणले आणि जाळावर हावळा केला. जळके घाटे सोलून खाताना दोघांची तोंडं काळी झाली. तिने माझ्या नाकाला काजळी लावली. मी तिच्या. वाडीची चंद्राबाई झऱ्यावर जाताना आमच्याकडे बघून, नवीन लगीन झालंय जणू, असं म्हणत गेली.

आपण तत्त्वासाठी गाव सोडलं आहे, हे दिवसातून एकदा तरी स्वतःला सांगावं लागतं.

३१ जानेवारी

काल पुण्याला जाऊन आलो. पासपोर्टची चौकशी केली. कचेरीतले कारकून सभ्य, चष्म्याचे. संवाद जसाच्या तसा लिहितो.

"कुठे जायचंय?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"कशासाठी?"

"निवडणुकीचा निकाल लागला."

"लोकसभेला तर अजून अवकाश आहे."

"ग्रामपंचायतीचा."

त्यांनी चष्मा काढला. आतून दोघांना बोलावून घेतलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, बेलभंडारासकट. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. पुण्याचं पाणी मला चालतं का, हे आधी विचारून घेतलं. चांगली माणसं.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. बोटीचं भाडं लागतं. तिकडे कोणी ओळखीचं लागतं. पोटाचा उद्योग दाखवावा लागतो. आणि राहण्याचा व चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो. तो कोणाचा, असं मी विचारलं.

"तुमच्या गावच्या सरपंचांचा आणा."

मी चहा संपवला.

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, "इतकी वर्षं या टेबलावर आहे. माणसं पोटासाठी जातात, मुलगा बोलावतो म्हणून जातात. निकालावरून निघालेले तुम्ही पहिलेच. जमलं तर मला अवश्य कळवा."

घरी आल्यावर गोजराने खोपीपुढच्या ओट्यावरूनच विचारलं, काय झालं. सांगितलं, लांबेल. ती आत गेली आणि थोड्या वेळाने गुणगुणताना ऐकू आली. निराशा लपवायची तिची ही रीत मला माहीत नव्हती.

आत्ता मी "घरी" असं लिहिलं. खोडत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

कुशाबा आला. मी त्याच्यासाठी गाव सोडलं, आणि तो इतक्या दिवसांत एकदाही आला नव्हता. आल्या आल्या त्याने मला हात जोडले. म्हणाला, तुझ्यामुळे मला रस्त्याने चालायची चोरी झाली. लोक विचारतात, तू हरलास आणि गाव त्याने सोडलं, मग तू कसा इथे?

मी म्हणालो, तूही ये. वावर मोठं आहे.

तो तंबाखू मळायला लागला. मग त्याने सांगितलं की दादांनी त्याला नव्या विहिरीच्या कामावर देखरेखीला नेमलं आहे, आणि तो हो म्हणाला आहे. मला राग आला. दादांनी त्याला विकत घेतलं, असं मी म्हणालो. कुशाबा रागावला नाही.

"इकत कशाला घेत्यात? हीर तर मला बी पायजेच व्हती," तो म्हणाला. "म्या हारलो, भिवा. हारलं की घरी जायाचं, म्हस पिळायची. म्हशीला कोन निवडून आलं त्ये ठावं नसतं, तिची येळ झाली की ती वरडती. हे तुजं शिकल्याल्या मान्साचं काम हाय. आमाला गाव सोडून कुटं जाता येतंय?"

मग खोपीभोवती नजर फिरवून, चुलीकडे, सारवलेल्या ओट्याकडे, गोजराने लावलेल्या मिरचीच्या रोपांकडे बघून, तो म्हणाला, "पन हितं बरं हाय तुमचं." आणि गालातल्या गालात हसला. का हसला ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी

वहिनी आल्या. ओढा ओलांडताना लुगडं भिजलं म्हणून आधी मला बोलल्या, मग ओढ्याला. त्या वाळल्या आहेत. पाणी भरायला, भाकरी थापायला आता त्या एकट्याच. घरात सरपंचाकडे येणारी माणसं वाढली आहेत. दादांचं जेवणात लक्ष नसतं, माझ्या पाटाकडे बघत बसतात, म्हणाल्या. आई-वडील गेल्यावर मला दादांनीच वाढवलं. पुण्याला पहिल्यांदा पोचवायला ते माझी वळकटी खांद्यावर घेऊन पौडापर्यंत चालले होते.

गोजराने वहिनींना जेवायला वाढलं. वांग्याचं, सुकट घालून केलेलं कालवण. वहिनींनी पहिला घास घेतला.

"मीठ कमी हाय गं."

"आमच्यात आसंच खात्यात, जाऊबाई," गोजरा म्हणाली.

वहिनींचा हात थांबला. त्यांनी गोजराकडे पाहिलं. गोजराने पदर सारखा केला पण नजर काढली नाही. मग वहिनींनी जेवायला सुरुवात केली आणि पुन्हा कालवण मागून घेतलं. मला हे सगळं फार शांत वाटलं, पण भुरी उगाचच कान हलवत होती.

हेच ते कालवण असावं, तिला जमणारं. उशिराने विचारलं. ती म्हणाली, "तीन वरसांनी इचारलंत."

१८ फेब्रुवारी

नथूने काठावरून बातमी दिली. उद्या सकाळी भैरवनाथाला कौल लावणार. देवाच्या छातीवर उजवीकडे आणि डावीकडे ओलं फूल चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर भिवाची शपथ देवाने सोडवली. दादांनीच गुरवाला सांगितलं आहे.

माझा देवावर विश्वास नाही. पण देवाने मार्ग काढला तर नाही कशाला म्हणा? घर आठवलं. माझा पाट, दादांचं खोकणं, ओसरीवरचा कोनाडा. मी गोजराला म्हणालो, सुटलो बहुतेक. आता आफ्रिका नको, पासपोर्ट नको, घरी जाऊ.

ती मिरच्यांना पाणी घालत होती. घालतच राहिली. रोपं वाहून जायची वेळ आली तेव्हा मी तांब्या घेतला.

नंतर तिने सकाळीच सारवलेला ओटा पुन्हा सारवायला घेतला. कशाला, म्हणून विचारलं. तिने मला बाजूला सरकायला लावलं. दिवसभर गुणगुणली नाही. जेवताना कालवणात मीठ नव्हतं, अगदी नव्हतं. मी तसंच जेवलो. इथे काहीतरी आहे जे मला दिसत नाही, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१९ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहितो.

सकाळी दादा काठावर आले. मागे निम्मं गाव. दादांनी पागोटं बांधलं होतं, म्हणजे काम सरकारी होतं. ओढ्याच्या पलीकडूनच ते म्हणाले, "उजवं पडलं, भिवा. देवानं सोडलं तुला. चल."

मी पुढे झालो. पाण्यात पाऊलही टाकलं. तेवढ्यात मागून गोजराचा आवाज आला.

थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दादांनी तीन वर्षांत तिचा आवाज दाराआडूनच ऐकलेला. आजही ती त्यांच्याशी बोलली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढून, त्यांच्याकडे पाठ करून, ती म्हशीशी बोलली. पण ओढ्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"भुरे, आयकलंस का? देवानं ह्यांना सोडलं म्हनं. लई चांगलं झालं. पन त्या घरचं पानी मी बी सोडलंय, माजं कुनी इचारलं का? सांग थोरल्यांना. तीन वरीस तितं भाकरी थापली, कुनी उनं बोललं न्हाई, उपाशी ठेवलं न्हाई. पन त्यातली एक बी माजी न्हवती. हितली करपल्याली सुदीक माजी हाय. ह्यांना जायाचं आसंल तर जाऊ द्या. माजी चूल इजवायची आसंल तर माज्या नावानं येगळं फूल लावा, म्हनावं. मंग देव म्हनंल तसं."

भुरी रवंथ करत होती. मी पाण्यात उभा. एक पाय या देशात, एक त्या. मला तिच्या बोलण्यात निवडणुकीचा उल्लेख कुठेच सापडला नाही.

दादा तिच्या पाठीकडे नाही, चुलीकडे बघत होते. मग पागोटं काढून काखेत धरलं. म्हणाले, "आसं हाय व्हय," आणि वळून गेले. गाव त्यांच्यामागून गेलं. कोणी थट्टा केली नाही.

मी पाण्यातून बाहेर आलो. या बाजूला. पाय ओले होते म्हणून ओट्यावर न चढता खालीच उभा राहिलो. गोजरा म्हणाली, "तुमी जावा, खरंच. म्या मनात धरनार न्हाई." मी म्हणालो, भूक लागली आहे. त्या वेळी मला तेवढंच सुचलं. ती पीठ मळायला बसली. मी जाळ घातला. धूर फार झाला, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग कुठून कोण जाणे तिला हसू फुटलं. मला वाटतं ते धुराचंच होतं. मलाही फुटलं.

दुपार उलटल्यावर दादा एकटेच आले. काठावर न थांबता ओढा ओलांडला. धोतर भिजलं. म्हणाले, "दुसऱ्यांदा कौल लावला. डावं पडलं. देव न्हाई म्हनतोय."

देवाने सकाळी हो म्हणून दुपारी नाही म्हणावं, हे मला तर्काला धरून वाटलं नाही. शिवाय गुरवाला भर दुपारी आमच्याच बांधावरून पिरंगुटला लेकीकडे जाताना मी पाहिलं आहे, आणि तो अजून परतलेला नाही. फूल कोणी लावलं ते दादांना विचारणार होतो. त्यांच्या नखांत ओला शेंदूर होता. मग विचारायचं राहून गेलं.

गोजराने तांब्या भरून दाराशी ठेवला. दादा पाणी प्यायले. जेवायला बसले. पहिल्या घासाला त्यांनी मिठाचं काही म्हटलं नाही. दुसरी भाकरी संपल्यावर आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले, "कालवन झकास झालंय." दाराआड बांगड्या वाजल्या. घरी एवढी भाकरी ते खात नाहीत.

हात धुऊन ते खोपीभोवती फिरले. कूड हलवून पाहिला. कारवीचा कूड आमच्याकडच्या पावसात टिकायचा नाही, म्हणाले, झड लागायच्या आत दगडी भिंत पायजे. दगड विहिरीच्या खोदाईतला निघतोय, तो सोमवारपासून पाठवतो. मी म्हणालो, थांबा, विहीर गावची आहे, सरपंचाने आपल्या भावाला गावचा दगड देणं लोकशाहीला धरून नाही. ते म्हणाले, "बराबर हाय तुजं. गावाला किंमत भर." मग मी म्हणालो, शिवाय पासपोर्टचं अजून नक्की व्हायचं आहे, आम्ही किती दिवस इथे असू ते सांगता येत नाही.

दोघांपैकी कोणी ऐकल्यासारखं वाटलं नाही. दादा काठीने जमिनीवर भिंतीची रेघ ओढत होते. डोंगराच्या बाजूने, बांधाच्या बाजूने, झऱ्याच्या बाजूने. ओढ्याच्या बाजूला येऊन ते थांबले आणि दार कोणीकडे ठेवायचं ते विचारलं. कोणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं. मी म्हणालो, वाऱ्याचा विचार केला तर बांधाकडे.

गोजरा दाराआडून बाहेर आली. पदर पुढे ओढलेला होता. खाली बसली, आणि दादांच्या रेघेत, ओढ्यासमोर, जिथून आमचं गाव सगळं दिसतं, तिथली माती तिने तळहाताने पुसून दाराएवढी जागा मोकळी केली.